दारातून बागेचा कचरा उचलणारी सेवा: घ्यावी का, आणि घेतली तर तिला काय द्यावं

निकाल आधीच सांगून टाकतो. सेवा घेण्यासारखी आहे, पण बहुतेक घरं ती ज्या मालासाठी वापरतात त्यासाठी नाही. वाळलेली पानं आणि कापलेलं गवत डब्यात कोंबून दारात ठेवायचं, म्हणजे आपल्याच मातीचं खाद्य गाडीत घालून पाठवायचं. हा माल घरी सहज जिरतो. जिरत नाहीत त्या मनगटाएवढ्या फांद्या, काटेरी छाटणी, करपा किंवा भुरी पडलेली झाडं आणि बी धरलेलं तण. यांना यंत्राचे दात लागतात, शिवाय 55 अंशांच्या वर कित्येक दिवस टिकणारी धग लागते. घरच्या खड्ड्यात या दोन्ही गोष्टी नसतात. सेवेसाठी पैसे मोजायचे ते या मालासाठी.

चांगली सेवा ओळखायची ती काय उचलते यावरून नव्हे, काय उचलायला नकार देते यावरून. ‘बागेतलं काहीही टाका, आम्ही नेतो’ असं म्हणणाऱ्याकडे सगळा माल बहुधा मिसळ कचऱ्यातच जातो आणि शेवटी डंपिंगवर पोचतो. तिथे तो ढिगाखाली हवेविना कुजतो आणि मिथेन सोडतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता अडवतो. म्हणूनच नेदरलँड्सने 1994 पासून घरोघरचा जैविक कचरा वेगळा उचलणं बंधनकारक केलं, जर्मनीने 2015 पासून, आणि युरोपीय संघाने सगळ्या सदस्य देशांना त्यासाठी 2023 अखेरची मुदत घालून दिली. वेगळं उचलून पुढे पुन्हा एकत्र करणारी सेवा असेल तर तिचं परीक्षण करण्यातही अर्थ नाही. करार करण्याआधी ‘माल कुठे जातो आणि त्याचं काय होतं’ हा प्रश्न विचारायचा. उत्तरात ठिकाण आणि पद्धत आली नाही तर पुढे जायचं नाही.

डबा

चाकांचा 240 लिटरचा डबा हा या सेवेचा नेहमीचा घोडा. उंची साधारण 107 सेंटिमीटर, रुंदी 58. अरुंद गल्ली किंवा जिन्याखालची जागा असेल तर 120 लिटरचा घ्यावा. दोन्हींची तोंडं गाडीच्या उचल-यंत्राला चालतात. युरोपीय मानक ईएन 840 प्रमाणे बनलेल्या मोठ्या डब्यात साधारण 96 किलो माल चालतो, छोट्यात 48. हा आकडा लोक बघत नाहीत, आणि डबे फुटण्याचं कारण बहुतेक वेळा इथेच असतं. सुटी, कोरडी पानं भरली तर मोठ्या डब्यात 15 ते 40 किलोच मावतात. तेच ताजं कापलेलं गवत पाय देऊन दाबलं की 100 किलोच्या घरात जातं. त्यात मुळाला चिकटलेली ओली माती आली की डबा गाडीला उचलतच नाही, किंवा उचलताना पुढची कड तडकते. गाडीचा दात्यांचा पट्टा डब्याला त्या कडेखालीच पकडतो, त्यामुळे एकदा ती कड गेली की डबा बदलण्याला पर्याय नाही. चाकं आणि आस मात्र सुटी मिळतात आणि घरी बदलता येतात.

डब्याबद्दलची सर्वांत मोठी तक्रार ‘रिकामा झालाच नाही’ ही असते. गाडी डबा उलटा करते, दोन-तीन झटके देते आणि खाली ठेवते. आतला माल अडकला असेल तर कर्मचारी हात घालून काढणार नाही, काढूही नये. माल अडकतो तो दोन प्रकारांनी. पहिला प्रकार आडव्या फांद्यांचा. डबा खाली निमुळता असतो. फांद्या आडव्या दाबून बसवल्या की त्या दोन भिंतींमध्ये पाचरीसारख्या रुततात, आणि वरचा सगळा माल त्यांच्यावर अडतो. म्हणून फांद्या उभ्या, बुंध्याकडची बाजू खाली ठेवून, सैल भरायच्या. पानं आणि बारीक काटक्या त्यांच्या फटींत आपोआप जातात. पायाने दाबायचं नाही. मावत नसेल तर कात्रीने आणखी तुकडे करायचे.

दुसरा प्रकार गवताचा. ताज्या गवतात सुमारे 80 टक्के पाणी असतं आणि नत्र भरपूर. दाबून ठेवलं की आतली हवा संपते, हवेविना जगणारे जीवाणू ताबा घेतात, आणि दोन दिवसांत तळाशी हिरवट काळा चिकट थर तयार होतो. वास अमोनियाचा किंवा आंबल्यासारखा येतो. हा थर डब्याच्या तळाला असा धरून बसतो की उलटा केला तरी पडत नाही. उपाय साधा आहे. तळाशी पन्हळी पुठ्ठ्याचा चुरगळलेला तुकडा किंवा वीतभर काटक्यांचा थर टाकायचा, गवत कापल्यावर एक दिवस जमिनीवर पसरून वाळवायचं आणि उचलीच्या आदल्या संध्याकाळी भरायचं. पुठ्ठ्यावर चिकटपट्टी, स्टेपल किंवा चकचकीत लेप नको. वर्तमानपत्राचा कागदही चालतो, पण तो लवकर लगदा होऊन स्वतःच चिकटतो, पुठ्ठाच बरा.

काही सेवा तळाशी जाळी आणि बाजूंना फटी असलेला हवेशीर डबा देतात. उन्हाळ्यात त्याचा खरंच फायदा होतो: पाणी उडून जातं, वजन घटतं, वास कमी येतो. पण तळाखाली साचणारं काळपट पाणी दर उचलीनंतर ओतून टाकावं लागतं. ते वाफ्यात ओतलं तर हरकत नाही, गटारात नको. फटींतून चिलटं येतात-जातात हा त्याचा तोटा. ज्यांच्याकडे मुख्यतः फांद्या आणि कोरडा पाला निघतो त्यांना साधा बंद डबा पुरतो.

डबा धुण्यासाठी पाण्याचा जोर आणि खराटा पुरेसा आहे. ब्लीच घालण्याची गरज नाही. डबा उन्हात पालथा वाळवला की वास जातो. रस्त्यावर ठेवताना चाकं आणि मूठ घराकडे, बाजूला गाडी किंवा खांबापासून मीटरभर मोकळी जागा आणि झाकण पूर्ण बंद. झाकणातून फांद्या वर आलेल्या असतील तर यांत्रिक हात डबा तिरपा करतानाच माल रस्त्यावर सांडतो, आणि तो गोळा करणं तुमच्याच माथी येतं.

पिशव्या: तीन जाती, एकच खरी

डबा नसलेल्या ठिकाणी किंवा पानगळीच्या दिवसांत जादा मालासाठी पिशव्या चालतात. त्यातली भरवशाची एकच: दोन पदरी, ओल सहन करणाऱ्या जाड तपकिरी कागदाची, साधारण 110 लिटरची, स्वतः उभी राहणारी. ती मालासकट थेट श्रेडरमध्ये, म्हणजे माल बारीक करणाऱ्या यंत्रात जाते आणि खतात मिसळून जाते. तिचं मरण खालून येतं. ओल्या फरशीवर रात्रभर ठेवली की तळ भिजतो आणि उचलताना फाटतो. दोन विटांवर फळी टाकून त्यावर ठेवली की प्रश्न मिटतो. तोंड दोनदा दुमडून बंद करायचं. चिकटपट्टी लावायची नाही, कारण पिशवी कुजते आणि पट्टी तशीच राहते. वजन 20 किलोच्या आत ठेवावं. काटेरी माल कागदी पिशवीत भरणं म्हणजे कर्मचाऱ्याच्या मांडीला जखम करणं; तो डब्यात किंवा मोळीत जावा.

दुसरी, विणलेल्या प्लास्टिकची पुन्हा वापरायची गोणी. हिचा फायदा असा की कर्मचारी ती रिकामी करून जागेवर टाकतो. तोटा उन्हाचा. विणलेलं पॉलिप्रॉपिलीन उन्हात ठिसूळ होतं, त्याचे धागे सुटू लागतात आणि ते मालात मिसळतात. तळाच्या शिवणीजवळ पांढरे केसाळ धागे दिसू लागले की गोणी बाद करायची, ‘अजून एक हंगाम काढू’ म्हणायचं नाही. वाऱ्याने उडू नये म्हणून रिकाम्या गोणीत दगड ठेवण्याची सवय अनेकांना असते. तो दगड पुढच्या वेळी मालाखाली राहतो आणि श्रेडरपर्यंत पोचतो.

तिसरी, ‘कुजणारी’ प्लास्टिक पिशवी. इथे डोळे उघडे ठेवायचे. नुसतं ‘जैवविघटनशील’ लिहिलेल्या पिशवीला काहीही अर्थ नाही. युरोपीय ईएन 13432 किंवा अमेरिकी एएसटीएम डी6400 यांपैकी एखाद्या मानकाचा क्रमांक आणि प्रमाणपत्राची खूण छापलेली हवी. ईएन 13432 ची एक अट सांगतो म्हणजे फरक कळेल: 12 आठवडे कुजवल्यावर 2 मिलिमीटरच्या चाळणीवर मूळ वजनाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त अवशेष उरता कामा नये. ही चाचणीही खत कारखान्यातल्या गरम राशीच्या, म्हणजे कुजवायला रचलेल्या मोठ्या ढिगाच्या, तापमानाची. घरच्या थंड खड्ड्यात तीच पिशवी वर्षभर अखंड सापडू शकते. ‘ऑक्सो’ जातीच्या पिशव्या तर कुजत नाहीत, नुसता त्यांचा भुगा होतो. युरोपीय संघाने जुलै 2021 पासून त्या बाजारात आणायलाच बंदी घातली.

प्रमाणित पिशवीसुद्धा तुमच्या सेवेला चालेलच असं नाही. खत प्रकल्पात पट्ट्यावरून माल सरकत असताना समोरच्या माणसाला साधं प्लास्टिक आणि कुजणारं प्लास्टिक यांतला फरक कळायला क्षणही मिळत नाही. म्हणून अनेक ठिकाणी सरसकट सगळं प्लास्टिक ओढून बाहेर फेकतात, आणि सोबत पिशवीतला मालही जातो. आधी विचारा, मग विकत घ्या.

मोळी

फांद्यांसाठी आमची पसंती मोळीला. नियम जवळपास सगळीकडे सारखे: लांबी 1.2 मीटरपर्यंत, एकेका फांदीची जाडी 10 सेंटिमीटरपर्यंत, मोळीचा घेर एका माणसाच्या कवेत मावेल इतका, वजन 20 किलोच्या आसपास. यातली लांबीची अट मनमानी नाही. मागून भरायच्या गाडीच्या हौदात मोळी आडवी बसली पाहिजे, नाहीतर दाबण्याची पाती खाली येताना फांदी उसळून बाहेर येते आणि मागे उभ्या असलेल्या माणसाला लागते.

बांधायची कशी, तर सगळे बुंधे एका बाजूला आणि शेंडे दुसऱ्या बाजूला करून, दोन ठिकाणी, प्रत्येक टोकापासून साधारण हातभर आत. बांधायला सुतळी किंवा काथ्या. नायलॉनची दोरी, तार आणि केबल टाय या तिन्हींना सक्त मनाई असते. नायलॉन श्रेडरच्या आसाभोवती गुंडाळतो आणि उष्णतेने वितळून बेअरिंगपर्यंत जातो. तार दात्यांना लागली की ठिणगी पडते, आणि समोर कोरडा पाला असतो. मोळी उचलताना फांद्या सरकत असतील तर गाठ घट्ट नाही. एक पाय मोळीवर ठेवून सुतळी ओढायची आणि मग गाठ मारायची.

नारळ-पामच्या झावळ्या आणि बांबू यांबद्दल वेगळं विचारावं लागतं. त्यांचे लांब, चिवट धागे कापले न जाता फिरणाऱ्या भागांभोवती गुंडाळतात. काही प्रकल्प त्या फक्त संथ फिरणाऱ्या, जास्त जोराच्या यंत्रात घालतात, काही घेतच नाहीत. सेवेच्या यादीत झावळ्यांचा उल्लेखच नसेल तर ‘चालत असतील’ असं गृहीत धरू नये.

काय टाकू नये

प्लास्टिक पिशव्या सगळ्यांना माहीत आहेत. खरा त्रास न दिसणाऱ्या गोष्टींचा होतो. रोपवाटिकेतून आलेली काळी पातळ कुंडी मुळांसकट डब्यात जाते. रोपाला खोचलेली नावाची पट्टी, फांदीला आधार दिलेली मऊ तार, कलमाच्या सांध्यावरची प्लास्टिक पट्टी, ठिबकच्या नळीचा तुकडा, हिरवळीखाली घातलेली जाळी, या सगळ्याचं यंत्रात बारीक तुकड्यांत रूपांतर होतं, आणि एकदा बारीक झालं की चाळणीही ते पकडू शकत नाही. काच तर 10 मिलिमीटरच्या चाळणीतून सरळ खाली जाते. छाटणी झाल्यावर डबा भरण्याआधी ढीग एकदा जमिनीवर पसरून नजर फिरवली तर यातलं बहुतेक हाती लागतं.

माती आणि दगड हे सर्वांत जास्त नाकारलं जाणारं सामान. मातीला कुजायचं काहीच नसतं, ती फक्त वजन वाढवते आणि श्रेडरचे हातोडे झिजवते. उपटलेलं झाड दोन दिवस उन्हात ठेवायचं, मग मुळं फरशीवर आपटायची. कोरडी माती झडते आणि ती वाफ्यातच राहते. मातीची फुटकी कुंडी बांधकामाच्या राडारोड्यात जाते, इथे नाही.

रंगवलेलं, पॉलिश केलेलं किंवा वाळवीपासून वाचवण्यासाठी औषध मुरवलेलं लाकूड कधीच नको. जुन्या कुंपणाच्या, मांडवाच्या लाकडात तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण असू शकतं. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी ते 2003 अखेर थांबवलं गेलं, पण आधी बसवलेलं लाकूड आजही उभं आहे. आर्सेनिक कुजत नाही, राशीत जाऊन खतात येतं. कुत्र्या-मांजरांची विष्ठा बहुतेक सेवा घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

रोगट आणि आक्रमक झाडांबाबत मात्र सरसकट ‘नको’ म्हणणारी सेवा अर्धवट वाटते. नीट तापणाऱ्या राशीत बहुतेक बुरशी आणि तणाचं बी मरतं. अपवाद आहेत: तंबाखू मोझॅक विषाणू उष्णतेला सहजी दाद देत नाही, त्यामुळे तो शिरलेली मिरची-टोमॅटोची झाडं कचऱ्याच्या बंद पिशवीतच जावीत. लव्हाळ्याच्या गाठी राशीच्या थंड कडेला राहिल्या तर पुन्हा फुटतात. त्या आधी कडक उन्हात पूर्ण सुकवून मगच द्याव्यात. गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटावं आणि हातमोजे घालूनच. त्याची त्वचेला ॲलर्जी होते, आणि डबा हाताळणाऱ्यालाही होऊ शकते.

घरी काय ठेवायचं

गवत कापताना पात्याची उंची अशी ठेवायची की एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त कापलं जाणार नाही, आणि कापलेलं तिथेच पडू द्यायचं. ते काही दिवसांत कुजतं आणि हिरवळीला लागणाऱ्या नत्राचा साधारण चौथा हिस्सा परत देतं. ‘त्यामुळे गवताखाली गादी साचते’ ही समजूत चुकीची आहे. गादी होते ती मुळं आणि चिवट खोडांची, पात्यांची नाही.

पानांसाठी मीटरभर व्यासाचा तारेच्या जाळीचा पिंजरा पुरतो. आत पानं भरायची, ओली करायची, पावसाळ्यानंतर ओल तपासत राहायची, बाकी काही करायचं नाही. एक ते दोन वर्षांत त्यांचा काळा, भुसभुशीत चुरा होतो. जाड, चामड्यासारखी पानं जास्त वेळ घेतात. त्यांच्यावरून एकदा गवत कापायचं यंत्र फिरवलं तर वेळ कमी होतो आणि ढीगही बराच खाली बसतो. घरच्या कंपोस्टमध्ये गवत आणि पानं एकत्र घालायची असतील तर आकारमानाने एक वाटा गवताला दोन ते तीन वाटे कोरडी पानं. राशीत कार्बन आणि नत्राचं प्रमाण 25 ते 30 ला 1 हवं असतं. गवतात ते 20 च्या आसपास किंवा खाली, पानांत 40 ते 80, लाकडाच्या भुशात शेकड्यांत. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा इतकी ओल पुरे.

एवढं घरी ठेवलं तर बहुतेक बागांना वर्षभराची उचल लागतच नाही. छाटणीच्या हंगामापुरती किंवा फोन करून बोलावण्याची सेवा असेल तर ती घ्यावी. वर्षभराची, दर पंधरवड्याची सेवा कुंपणाची झुडपं सतत कापावी लागणाऱ्या मोठ्या आवारालाच परवडते. डब्यात स्वयंपाकघरातला ओला कचराही चालणार असेल तर उष्ण हवेत आठवड्याची उचल हवी. घरमाशीचं अंड्यापासून माशीपर्यंतचं चक्र गरमीत 7 ते 10 दिवसांत पुरं होतं, आणि पंधरवड्याच्या उचलीत डब्यातच एक पिढी उडून जाते.

गाडी गेल्यावर

प्रकल्पात माल आधी श्रेडरमधून जातो, मग लांबलचक राशींत रचला जातो. उंची साधारण दीड ते तीन मीटर. खूप उंच केल्या तर खालचा माल दबून हवा कोंडते, शिवाय आतली धग वाढून रास पेटण्याचा धोका असतो. तापमान 70 अंशांच्या वर गेलं की कुजवणारे जीवाणूच मरू लागतात, म्हणून रास उलथावी लागते. राशीतले रोगजंतू मारण्याचा अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा निकष मुळात मैल्याच्या गाळासाठी केलेला आहे, पण बागेच्या कचऱ्यालाही अनेक ठिकाणी तोच लावतात. उघड्या राशीत 55 अंश किंवा जास्त तापमान 15 दिवस, त्या काळात किमान 5 वेळा उलथणं. बंद पात्रात किंवा खालून हवा दिलेल्या स्थिर राशीत 3 दिवस. ‘तापमानाची नोंद ठेवता का’ एवढं विचारलं तरी प्रकल्प किती गंभीर आहे ते कळतं. त्यानंतर खत आणखी काही महिने मुरतं, आणि 10 ते 20 मिलिमीटरच्या चाळणीतून निघतं. चाळणीवर उरलेले लाकडाचे तुकडे पुढच्या राशीत परत जातात, कारण त्यांच्यामुळे राशीत हवा खेळते.

काही सेवा हे खत ग्राहकांना परत देतात. आमच्या मते सेवा पारखण्याचा सर्वांत प्रामाणिक मार्ग हाच. हातात घेतल्यावर ते गडद तपकिरी, भुसभुशीत आणि मातीच्या वासाचं असावं. घमेलंभर पसरून बघावं, प्लास्टिकचे रंगीत कण मोजता येण्याइतके दिसले तर सेवेची उचल ढिली आहे. खत पिकलंय का हे बघायला ते ओलसर करून हवाबंद पिशवीत तीन दिवस ठेवायचं. उघडल्यावर अमोनियाचा किंवा आंबट वास आला तर कच्चं आहे; आणखी महिना-दोन महिने ढीग करून झाकून ठेवावं. कच्चं खत कुंडीत घातलं की कुजण्यासाठी ते मातीतलंच नत्र ओढतं आणि रोपं पिवळी पडतात. पिकलेलं खतसुद्धा कुंडीच्या मिश्रणात चौथ्या हिश्श्यापर्यंतच, वाफ्यावर दोन ते पाच सेंटिमीटरचा थर. याचा सामू (पीएच) बहुधा 7 च्या वर असतो, त्यामुळे अझेलियासारख्या आम्लप्रिय झाडांना ते देऊ नये.

एक धोका मात्र वासाने किंवा नजरेने कळत नाही. हिरवळीवरच्या किंवा कुरणातल्या रुंद पानांच्या तणांवर मारायची काही तणनाशकं, क्लोपायरॅलिड, अमिनोपायरॅलिड आणि पिक्लोरॅम, गरम राशीतूनही शाबूत निघतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात 1999-2000 च्या सुमारास बागेच्या कचऱ्यापासून केलेल्या खताने लोकांची टोमॅटो-वाटाण्याची रोपं वाकडी झाली, तेव्हा त्यामागे क्लोपायरॅलिड निघालं. 2002 मध्ये त्या राज्याने हिरवळीवर त्याचा वापर बंद केला. शेंगवर्गीय आणि टोमॅटोवर्गीय रोपांना अब्ज भागांत काही भाग इतकं अत्यल्प प्रमाणही पुरतं. म्हणून हिरवळीवर तणनाशक मारलं असेल तर ते गवत डब्यात नको, घरच्या कंपोस्टमध्येही नको. कापून हिरवळीवरच राहू द्यायचं आणि बाटलीवरच्या चिठ्ठीवर गवताच्या वापराबद्दल काय लिहिलंय ते वाचायचं.

परत आलेलं खत भाजीच्या वाफ्यात घालण्याआधी घेवड्याची चाचणी करून घ्यावी. सहा छोट्या कुंड्या घ्यायच्या. तिघींत एक वाटा खत आणि एक वाटा साधं कुंडीमिश्रण, उरलेल्या तिघींत नुसतं मिश्रण. प्रत्येकीत घेवड्याचे किंवा वाटाण्याचे तीन-तीन दाणे, आणि प्रत्येकीखाली वेगळी थाळी, म्हणजे एकीचं पाणी दुसरीत जाणार नाही. खऱ्या पानांच्या तीन जोड्या येईपर्यंत, म्हणजे दोन ते तीन आठवडे, वाट बघायची. खताच्या तिन्ही कुंड्यांत पानं वाटीसारखी वळली, शेंडे पिळल्यासारखे झाले आणि नुसत्या मिश्रणातली रोपं सरळ असली, तर ते खत भाजीला वापरू नये. ते हिरवळीवर पातळ पसरावं. गवताला या तणनाशकांचा त्रास होत नाही, आणि मातीतले जीवाणू हळूहळू त्याचं विघटन करतात. मात्र त्या हिरवळीचं गवत पुढे डब्यात टाकू नये. दोन्हीकडची रोपं सारखीच आजारी दिसली तर खताला दोष देता येत नाही. मिश्रण बदलून चाचणी पुन्हा लावावी.